ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो

सकाळी ७.३०

शनिवारी फोन फारसे वाजत नाहीत, म्हणून वायरिंगची किचकट कामं मी शनिवारसाठी राखून ठेवतो. आज लिफ्टवर १९७२ ची एमजीबी आहे. दोन सीटांची, कापडी हुडाची, गडद हिरवी. आमचं वर्कशॉप इंग्लंडात ऑक्सफर्डशरमध्ये, ॲबिंग्डनपासून थोड्याच अंतरावर. १९२९ पासून १९८० पर्यंत एमजीचा कारखाना याच ॲबिंग्डनमध्ये होता. त्यामुळे या भागात या गाड्या अजून बऱ्याच आहेत, आणि ऊन पडलं की मालक त्या बाहेर काढतात.

आजच्या गाडीच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. काल संध्याकाळी गाडी सोडताना त्यांनी तक्रारींचा कागद माझ्या हातात दिला. तो आता चहा पिताना मी पुन्हा वाचतोय. सेल्फ जड फिरतो, थंडीत तर गाडी सुरूच होत नाही. चोकची मूठ कधी कधी गरम लागते. डावा इंडिकेटर रेंगाळत लुकलुकतो, कधी नुसताच लागून राहतो. पेट्रोलचा काटा अर्धी टाकी असताना पाऊण दाखवतो. आणि शेवटी, खाली रेघ मारून: ब्रेक दाबला की पुढचा डावा इंडिकेटर मंद पेटतो.

याआधी दुसऱ्या एका गॅरेजात बॅटऱ्या नव्या टाकल्या, आल्टरनेटर बदलला, फ्लॅशर बदलला. बिल भरभक्कम झालं आणि तक्रारी जिथल्या तिथे राहिल्या.

अशी यादी हातात आली की माणूस पाच बिघाड धरून पाच ठिकाणी शोधायला लागतो. मी आधी एकच गोष्ट विचारतो: करंट परत कुठून जातोय? बॅटरीपासून दिव्यापर्यंतचा मार्ग सगळे तपासतात. दिव्यातून निघालेल्या करंटला बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत परत यायचं असतं, तिकडे कुणी बघत नाही. त्या परतीच्या मार्गाचा बराचसा भाग म्हणजे बॉडीचा पत्रा. आधीच्या एमजीएला वेगळी चासी होती, एमजीबीला नाही. इथे जोडलेला पत्रा हाच सांगाडा आणि हीच अर्थिंगची वायर. नळाला धो धो पाणी आहे पण मोरी तुंबली आहे, तर ते पाणी नको त्या खोलीत शिरतं. अर्थिंग बिघडलेल्या गाडीत करंटचं हेच होतं, आणि मग ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो.

सकाळी ८.१५

नाशिकचा एक मुलगा ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठात मोटरस्पोर्टचं इंजिनिअरिंग शिकतो. शनिवारी तो मदतीला येतो. हात स्वच्छ, डोकं चांगलं, आणि प्रश्न विचारायला लाजत नाही.

"काका, बॅटरी कुठाय हिची?"

"सीटच्या मागे बघ. कार्पेट उचल, खाली झाकण आहे."

या मॉडेलला ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, मधल्या वायरने सिरीजमध्ये जोडलेल्या. १९७४ च्या शेवटी कंपनीने १२ व्होल्टची एकच बॅटरी देणं सुरू केलं, पण आजची गाडी त्याआधीची आहे. वाकून काम करायचं म्हणजे कंबरेची परीक्षा. दोन बॅटऱ्या म्हणजे चार टर्मिनल, आणि प्रत्येक टर्मिनल ही तक्रारीची एक जागा.

मीटर लावला. ६.३ आणि ६.३, एकूण १२.६. बॅटऱ्या भरलेल्या आणि ठणठणीत. निगेटिव्हची जाड वायर तिथेच जवळ बॉडीला बोल्टने आवळलेली आहे, तो बोल्टही स्वच्छ आहे. म्हणजे घोळ इथून पुढे.

सकाळी ९.००

आता खरी मोजणी. कॉइलची पांढरी वायर काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मीटर व्होल्टवर ठेवला. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर. लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर, जिथे रंग नाही अशा जागी खुपसली. मुलगा आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. सेल्फ कण्हत कण्हत फिरला. मीटरवर २.१ व्होल्ट.

लाल प्रोब उचलून बॉडीच्या उघड्या पत्र्यावर. पुन्हा किल्ली. ०.२ व्होल्ट.

दोन आकड्यांत सकाळचं काम संपलं म्हणायला हरकत नाही. बॅटरीपासून बॉडीपर्यंत रस्ता मोकळा आहे. बॉडीपासून इंजिनपर्यंतच्या टप्प्यात १.९ व्होल्ट गळतात. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून त्यांना बॉडीशी जोडणारी तांब्याच्या विणीची एक चपटी पट्टी असते. सेल्फचा सगळा करंट त्या पट्टीतून परत जातो.

मुलगा गाडीखाली जाऊन आला. "काका, पट्टी आहे की. मी कंटिन्युइटी बघितली, बीप येतो."

बीपवर विश्वास ठेवून किती गॅरेजांनी किती पार्ट बदलले असतील! मीटर बीप देतो तो अगदी किरकोळ करंट सोडून. विणीतल्या शंभर तारांपैकी एक तार धड असली तरी बीप येणारच. सेल्फला मात्र त्या वाटेने १३० अँपिअर न्यायचे असतात. क्लॅम्प मीटरने मी आत्ताच बघितले. १.९ ला १३० ने भागा, रोध येतो ओहमच्या शंभराव्या हिश्श्याहून थोडा जास्त. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा ओहमवर ठेवून हा दोष दिसणं शक्यच नाही. तो दिसतो फक्त भार टाकून, व्होल्ट मोजून. आणि १.९ गुणिले १३० म्हणजे जवळपास २५० वॅट नुसती उष्णता. ती कुठेतरी निघणारच.

"म्हणून चोकची मूठ गरम होते?" त्याने विचारलं.

"बरोबर. पट्टीतून वाट मिळेना म्हणून करंट चोकच्या केबलमधून आला. केबल लोखंडी आहे, एक टोक कार्ब्युरेटरला, दुसरं डॅशबोर्डला. ॲक्सिलरेटरची केबलही असाच भार घेते. त्या केबल आतून जळालेल्या गाड्या मी बघितल्या आहेत."

खात्री करायला जंप लीडचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं बॉडीच्या बोल्टला लावलं. सेल्फ खणखणीत फिरला. मुलाचा चेहरा असा उजळला की मला माझं ते वय आठवलं.

सकाळी १०.००

गाडी वर घेतली. पट्टी गिअरबॉक्सच्या आडव्या बीमपाशी आहे. वरून बघितलं तर पट्टीही धड आणि बोल्टही घट्ट. बोल्ट काढला तेव्हा कळलं: दोन वर्षांपूर्वी गाडीच्या तळाला गंजरोधक काळं कोटिंग मारलं होतं, ते पट्टीच्या थिंबलखाली आणि पत्र्यावर, दोन्हीकडे होतं. म्हणजे बोल्टच्या आट्यांमधून जेवढा संपर्क होईल तेवढाच. वीण बोटांत दाबली तर आतून कुरकुरली आणि हिरवी भुकटी खाली पडली. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी विणीत शोषलं जातं आणि तांबं आतून खाऊन टाकतं. वरून काही दिसत नाही.

नवी पट्टी घेतली. पत्रा तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. दातेरी वॉशर मध्ये घातला, कारण त्याचे दात धातूत रुततात आणि पकड कायम ठेवतात. बोल्ट आवळला. व्हॅसलीन त्यानंतर, बाहेरून. आधी धातूला धातू भिडू द्यायचा, मग वरून झाकायचं. हा क्रम उलटा करून जोडावर आधीच ग्रीस थापणारे खूप भेटतात. मी माझ्या हाताखालच्यांना तसं करू देत नाही.

पुन्हा सेल्फ. ब्लॉकवर ०.२५ व्होल्ट. मी जॉब कार्डावर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे लिहिले.

आणखी एक हिशोब मुलाला करायला लावला. आल्टरनेटर इंजिनवर बसतो, त्याचंही अर्थिंग ब्लॉकमधूनच येतं. चार्जिंगचे २० अँपिअर त्याच कुजक्या पट्टीतून गेले तर ०.३ व्होल्ट गळतात आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते. आल्टरनेटर बदलला गेला तो बहुधा याच पायी, आणि नव्यालाही तेच भोगावं लागलं.

सकाळी ११.००

चहा. मुलाने विचारलं, हे सगळं तुम्ही इथे शिकलात का? नाही रे. मी आयटीआयनंतर पुण्यात नाना पेठेत ॲम्बॅसिडरच्या वायरिंगवर हात बसवला. ॲम्बॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि ती बनायची कावलीला, इथून जवळच. ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं असलेलं १४८९ सीसीचं बी सिरीज इंजिन आणि या एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच घराण्यातली. मी पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा परदेशात आल्यासारखं वाटलंच नव्हतं.

ल्यूकस कंपनीच्या वायरिंगवर इथे लोक विनोद करतात, दोन पिढ्या झाल्या. मला ते पटत नाहीत. पन्नास वर्षांच्या या वायरी मी रोज सोलतो, आतलं तांबं बहुतेक वेळा लखलखीत असतं. रंगांची शिस्त अशी की अंधारात टॉर्च धरून काम करता येतं: तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. हिरव्यावर लाल रेघ असली की डावा इंडिकेटर, पांढरी रेघ असली की उजवा. बिघाड असतो जोडांमध्ये, जिथे गंज चढतो, आणि जिथे कुणीतरी प्रेमाने रंग मारून ठेवतो.

सकाळी ११.३०

आता ती रेघ मारलेली तक्रार. मी गाडीपुढे उभा राहिलो आणि मुलाला ब्रेक दाबायला सांगितलं. पुढचा डावा इंडिकेटर मंद नारिंगी पेटला. ब्रेक सोडला, विझला. डॅशबोर्डवरचा डावा हिरवा बाणही अगदी अंधूक चमकला, हात धरून सावली केली तेव्हा दिसला. मागे जाऊन बघितलं: उजवा ब्रेकलाइट झगझगीत, डावा मलूल, आणि त्याच्याच काचेतला इंडिकेटरही तसाच मलूल.

कागद घेऊन मुलाला चित्र काढून दाखवलं. मागच्या डाव्या दिव्यात ब्रेकची २१ वॅटची फिलामेंट आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोघांचं अर्थिंग एकच. ते तुटलं. ब्रेक दाबला, करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उतरला, दिव्याच्या पत्र्यात आला आणि अडकला. बॉडीकडे जाता येईना. मग तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा वर चढला, हिरव्या-लाल वायरीने गाडीच्या पुढच्या टोकाला गेला, पुढच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उतरला आणि तिथलं अर्थिंग शाबूत असल्यामुळे घरी पोचला. सारखे तीन बल्ब एका माळेत. १२ व्होल्ट तिघांत वाटले गेले, प्रत्येकाला ४ च्या आसपास. म्हणून तिघेही मंद.

"म्हणजे दिव्याच्या पत्र्यावर ८ व्होल्ट दिसायला हवेत," तो स्वतःहून म्हणाला. प्रोब त्याच्याच हातात दिली. होल्डरच्या पत्र्यावर ७.८. जिथे शून्याला चिकटून असायला हवं तिथे ७.८!

उपकरण लावण्याआधी आकडा सांगता आला की समजावं, सर्किट डोक्यात शिरलं. त्याला हे आज जमलं, याचा मला गाडी दुरुस्त होण्याइतकाच आनंद झाला.

फ्लॅशरचंही कोडं इथेच सुटतं. या जुन्या फ्लॅशरमधली पट्टी त्यातून जाणाऱ्या करंटनेच तापते आणि उघडझाप करते. पुढचा आणि मागचा मिळून ४२ वॅट, म्हणजे साडेतीन अँपिअर, असा त्याचा हिशोब बांधलेला. मागचा बल्ब उपाशी राहिला की करंट कमी, आणि फ्लॅशर रेंगाळतो किंवा अडकून बसतो. त्याचा स्वतःचा काही दोष नसतो.

दिवा खोलला. या गाडीत मागच्या दिव्याला अर्थिंग मिळतं ते त्याच्या बैठकीतून, स्टड आणि नटांतून. डिकीतून हात घालून नट काढले. मडगार्डचा पत्रा आतून-बाहेरून नव्या हिरव्या रंगाने सुंदर झाकलेला. दोन वर्षांपूर्वी गाडी रंगवली होती, रंगाऱ्याने काम मन लावून केलं होतं, आणि स्टडच्या भोकाभोवतीही त्याचा हात चुकला नव्हता. उजवीकडे हाच रंग आहे, पण तिथला वॉशर आवळताना रंग फोडून पत्र्यापर्यंत गेला असावा.

बाहेरून दिसणारा रंग खरवडणं मला पटत नाही, गाडी त्यांची लाडकी आहे. आतल्या बाजूने नटाखाली येणाऱ्या वॉशरएवढाच पत्रा उघडा केला. त्याशिवाय होल्डरपासून डिकीतल्या एका स्वच्छ बोल्टपर्यंत एक काळी वायर ओढली. टोकांना थिंबल क्रिंप केलं, झाळलं नाही. झाळलेलं टोक हादऱ्यांनी कडेला मोडतं. काही लोक प्रत्येक बल्बला अशी जादा वायर ओढतात आणि गाडीभर जाळं करून ठेवतात. मी मागचे दोन दिवे सोडले तर कुठेच ओढत नाही. मूळची सोय साफ केली की ती पुढची अनेक वर्षं पुरते.

ब्रेक दाबला. होल्डरवर ०.०६. पुढचा इंडिकेटर अंधारात.

दुपारी १.१५

डबा. पोळी, फ्लॉवरची भाजी, लोणचं. मुलाला घरचं जेवण आठवड्यातून एकदाच मिळतं, म्हणून बायको शनिवारी डबा मोठा देते.

दुपारी २.००

पेट्रोलचा काटा. इथे दिशा बघायची. टाकीतल्या सेंडरचं अर्थिंग बिघडलं की रोध वाढतो आणि काटा खाली येतो. हा काटा वर चढतोय. वर चढतो म्हणजे गेजला जास्त व्होल्ट मिळताहेत, आणि संशय जातो डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर.

काडेपेटीहून लहान असा हा डबा. आत दोन धातूंची एक पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार. तार तापली की पट्टी वाकते, संपर्क तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून गेजला सरासरी १० व्होल्ट मिळतात, बॅटरी १२ वर असो की १४ वर. पण त्या तापणाऱ्या तारेचं दुसरं टोक डब्याच्या पत्र्याला, आणि पत्रा एका स्क्रूने बॉडीला. स्क्रू ढिला झाला की तार थंड, संपर्क कायमचा जुळलेला, आणि गेजला अख्खे १४ व्होल्ट.

इथे डिजिटल मीटरचे आकडे नुसते नाचतात, म्हणून मी जुना काट्याचा मीटर काढतो. स्टॅबिलायझर धड असेल तर काटा लयीत हलतो. आज तो दगडासारखा स्थिर. स्क्रू काढला, डब्याच्या कानावरचा आणि पत्र्यावरचा गंज घासला, नवा दातेरी वॉशर घालून आवळला. थोड्या वेळाने काटा डुलायला लागला. नवा भाग एकही लागला नाही. बाई गेली दोन वर्षं काट्याकडे न बघता मैल मोजून पेट्रोल भरत होत्या.

दुपारी ३.३०

उरलेली अर्थिंग भराभर. पुढच्या दिव्यांच्या काळ्या वायरी रेडिएटरपाशी गोळीच्या कनेक्टरांत एकत्र येतात. बाहेरच्या दोन नळ्या चिरलेल्या होत्या, बदलल्या. पेट्रोल पंपाची टिकटिक चालू असताना त्याच्या अर्थिंगवर मोजलं, ठीक. वायपर ठीक. हॉर्न ठीक. नंबरप्लेटच्या दिव्याचा स्क्रू घासला.

४० वर्षांहून जुन्या गाड्यांना इथे २०१८ पासून एमओटीची वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही, फक्त गाडीत मोठे फेरबदल केलेले नसावेत. या बाई तरीही दरवर्षी करून घेतात. मला हे फार योग्य वाटतं. सूट कागदाला मिळाली आहे. डावा ब्रेकलाइट मलूल आहे हे मागच्या ट्रकवाल्याला कुणी सांगायचं?

दुपारी ४.१५

गाडी रस्त्यावर. मुलगा शेजारी, मीटर मांडीवर. हेडलाइट, हीटरचा पंखा, वायपर, सगळं एकदम चालू केलं, कारण भार नसताना सगळीच गाडी शहाणी असते. बॅटरीवर १४.१. चौकात डावीकडे वळताना ब्रेक आणि इंडिकेटर दोन्ही लावले. फ्लॅशर खटक खटक करत आपल्या वेगाने चालला. परत आल्यावर चोकची मूठ धरून बघितली. थंड.

दुपारी ५.००

मालकीणबाई आल्या. बिलात सुट्या भागांची रक्कम इतकी कमी की त्यांनी कागद उलटून बघितला. मी त्यांना जॉब कार्ड दाखवलं: ब्लॉकवर २.१ होते, ०.२५ झाले, मागच्या होल्डरवर ७.८ होते, ०.०६ झाले. प्रत म्हणून दिली आणि सांगितलं, गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढे कुणीही मेकॅनिक असो, त्याने पार्ट बदलायच्या आधी हेच चार आकडे पुन्हा मोजायचे. बाईंनी ब्रेक दाबून ठेवला आणि मला पुढे उभं राहून बघायला लावलं. मग माझी जागा त्यांनी घेतली आणि पेडलवर मी बसलो. खात्री पटेपर्यंत त्या गाडीपुढून हलल्या नाहीत.

संध्याकाळी ५.४५

झाडलोट मुलाने केली. मी सोमवारची गाडी फळ्यावर लिहिली: एमजीबी, १९६५. तक्रार, हेडलाइट मंद. खाली मोठ्या अक्षरांत: पॉझिटिव्ह अर्थ.

मुलगा वाचून थबकला. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असे, आल्टरनेटरच्या जागी डायनामो असे. त्या वर्षाच्या शेवटी आलेल्या मार्क टू मॉडेलपासून दोन्ही बदललं. पण मधल्या काळात कुणी मालकाने रेडिओसाठी उलटापालट केली असेल तर वर्षावरून काहीच सांगता येत नाही. मोजायची रीत तीच, फक्त प्रोब कुठे आणि चिन्ह काय हे आधी ठरवायचं. आणि चार्जर लावायच्या आधी बॅटरीची कुठली वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघायचं.

"काका, सोमवारी माझं लेक्चर दुपारी आहे. सकाळी येऊ का?"

"आठला ये. कॉइलची वायर तू काढ."